त्रेसष्ट वेळा दीड

रघू, तुझ्या दहाव्याला मी माइक हातात घेऊन खोटं बोललो. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. पण तू तोवर पिंडाच्या पलीकडे गेला होतास आणि आम्ही सगळे नदीकाठी कावळ्याची वाट बघत बसलो होतो.

आपल्याकडे दहाव्याला बोलायची पद्धत तुला ठाऊकच आहे. महाराजांचं प्रवचन झालं, सोसायटीचे चेअरमन बोलले, सरपंच बोलले. मग कुणीतरी म्हणालं, डेअरीचे सचिव त्यांचे जवळचे, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "रघुनाथचं काम अंदाजाचं नव्हतं. एक मिलिमीटरचं भोक, नऊ इंचांची नळी, दीड किलो प्रेशर आणि बावीस मिनिटांत दोन किलो पितळाचं पाणी. घरी बनवलेल्या बर्नरवर आम्ही चौऱ्याण्णव भट्ट्या लावल्या. प्रत्येकीची नोंद माझ्याकडे आहे. ज्याला हवी त्यानं उतरवून न्यावी, तीच त्याला श्रद्धांजली."

तिसऱ्या रांगेत पेठचा बबन बसला होता, रेडिएटरवाला. त्यानं मान खाली घातली आणि काडीनं वाळूत रेघा ओढायला लागला. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

आता महिना होत आला. तुझ्याबद्दल काहीतरी लिहून दे, असं चारपाच जणांनी मला सांगितलं. तू किती मायाळू होतास, कुणाचं काम कधी अडू दिलं नाहीस, हे त्यांना हवंय. ते खरंच आहे. पण ते लिहायला बसलो की हात थांबतो, म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेतो.

मी दूध तपासणारा माणूस आहे. सत्तावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ फॅट लावतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. समोरची बाई आकडा ऐकते, किटली उचलते आणि जाते. यंत्रात डोकावून बघत नाही. सांगणाऱ्यानं आकडा आधी बघितलेला आहे एवढंच तिला पुरतं. हे तुला मी कितीदा सांगितलं असेल. तू ऐकून हसायचास आणि म्हणायचास, "आलं आमचं मापाडी."

पहिल्या भेटीतच तू मला ते नाव ठेवलंस. आमच्या शीतकरणाच्या टाकीची तांब्याची नळी फुटली होती, आत नऊशे लिटर दूध होतं आणि नारायणगावचा मिस्त्री फोन उचलत नव्हता. कुणीतरी तुला मोटरसायकलवर घेऊन आलं. तू पोत्यातून गॅसचा पाइप काढलास आणि त्याला लावायचं एक हत्यार काढलंस. अर्ध्या इंचाच्या नळीचा तुकडा, मागं स्टोव्हचं निपल, हवेसाठी चार भोकं. नळी सांधायचा, ब्रेझिंगचा टॉर्च म्हणून असलं काही मी कधी बघितलं नव्हतं.

"प्रेशर किती ठेवता?" मी विचारलं.

"लागंल तेवढं."

"म्हणजे किती?"

तू ज्योतीवरची नजर न काढता म्हणालास, "पावणं, दूध वाचवायचं हाय का प्रेशर मोजायचं हाय?"

सात मिनिटांत सांधा झाला. मी घड्याळ लावलं होतं. त्या सांध्यातून आजतागायत गॅस सुटलेला नाही, हेही इथे लिहून ठेवतो. पुढच्या रविवारी सकाळचं दूध गेल्यावर मी वही घेऊन तुझ्या शेडवर आलो, आणि पाच वर्षं येत राहिलो.

ती पाच वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणायची पद्धत नव्हती आपली. पत्र्याचा पिंप आपण आडवा कापला, आतून न जळणारी पांढरी लोकर आणि अग्निमाती लावली, आणि बैलांच्या घंटांसाठी पितळ वितळवायची भट्टी केली. फवारणीच्या पंपांची फुटकी नोझलं, जुने नळ, मोडक्या समया, असं तू गावोगाव फिरून गोळा केलेलं पितळ. विकतचा बर्नर तुला नको होता. पहिला बर्नर पिवळा जळला. दुसऱ्याची आग उलटी नळीत शिरली आणि पट पट करत बसली. बारा इंची नळी कापून अकरा केली, मग दहा, मग साडेनऊ. नऊवर आग तोंडाशी येऊन थांबली, निळी झाली, आणि तू कानशीनं गुडघ्यावर थाप मारून म्हणालास, "बसली बघ आता मांडी घालून." मी लिहिलं: नऊ इंच. निपलच्या भोकाकडं बघून तू म्हणायचास, "पाऊणला जरा कमी हाय." मी मोजायचो. शून्य पूर्णांक सत्तर मिलिमीटर भरायचं. त्या डोळ्यांचा मला हेवा वाटायचा.

एकच वाद आपला कधी मिटला नाही. तू म्हणायचास, बर्नरचा आवाज कळला की बाकी काही लागत नाही. मी म्हणायचो, आवाज वहीत लिहिता येत नाही. तू उद्या नसलास तर तुझ्यामागं कुणी काय करायचं? त्यावर तू एकदा म्हणालास, "मी नसल्यावर तू हायेस की वही घेऊन." मी ते कौतुक समजलो.

प्रेशर मोजायचं गेज मीच आणलं, पुण्याला मुलीकडे गेलो तेव्हा. सिलिंडरच्या रेग्युलेटरवर बसवलं. अकराव्या भट्टीला पाइपला धग लागली, तेव्हा सिलिंडर भिंतीबाहेर ठेवायचा हट्टही माझाच. तू कुरकुरलास, "गॅस उघडायला दर वेळंला प्रदक्षिणा घालू का मारुतीला घालत्यात तशी?" पण भिंतीला भोक पाडलंस आणि दहा फुटी पाइप आत घेतलास. तेव्हापासून आपल्या जागा ठरल्या. तू बाहेर रेग्युलेटरपाशी. मी आत भट्टीजवळ, घड्याळ आणि वही घेऊन. कोपऱ्यात सुमनवहिनी साच्याची वाळू चाळत. मी आग लावायचो, तू चावी फिरवायचास आणि भिंतीच्या भोकातून ओरडायचास, "दीड." मी प्रेशरच्या रकान्यात दीड लिहायचो आणि घड्याळ चालू करायचो.

दवाखान्यातला तो दिवस आता सारखा आठवतो. जायच्या आधीचा तिसरा. तू म्हणालास, "मापाड्या, येताना वही आण." मी आणली. तू उशीला टेकून ती मांडीवर घेतलीस. पानं उलटलीस, मधेच एका पानावर थांबलास. बोट रकान्यावरनं खाली नेलंस. मला वाटलं, काही विचारशील. वहिनी पलंगापाशी उभ्या होत्या. तू त्यांच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि वही मिटून परत दिलीस.

"अक्षर लई चांगलं हाय तुझं," म्हणालास.

मी घरी येऊन ते बायकोला सांगितलं. मला ते तुझं शेवटचं शाबासकीचं बोलणं वाटलं होतं.

दहावा-तेरावा झाला. तुझ्याकडं आलेलं एक काम राहिलं होतं, एका बैलजोडीच्या आठ घंटांपैकी चार. मी वहिनींना म्हणालो, "मी ओतून देतो. वहीत सगळं आहे." त्यांनी वहीकडे बघितलं. वाळू भिजवायला गेल्या.

तू दवाखान्यात गेल्यापासून तुझ्या शेडमध्ये कशालाही कुणी हात लावला नव्हता. मी पितळाची मूस भट्टीत ठेवली, बाहेर गेलो, चावी फिरवली. फस्स आवाज आला, पण गेजचा काटा शून्यावरच. ठोकून बघितलं, हलेना. मला वाटलं, पडून पडून बिघडलं. सगळं बंद केलं, जीपनं नारायणगावला गेलो, नवीन गेज आणलं आणि बसवलं. मग आग लावून, बाहेर जाऊन काटा बरोबर दीडवर आणला. एक केसभर इकडेतिकडे नाही.

आत आलो तर आग बर्नरच्या तोंडापासून सुटून पिंपात वर उडत होती. माझ्या डोळ्यांदेखत विझली. गॅस मात्र चालूच होता. मी वहीत बघत होतो, रघू. पिंपात गॅस भरत होता आणि मी वहीत बघत होतो की काय चुकलं. तेवढ्यात पिंपाच्या तापलेल्या कडेवर तो पेटला. भक्क असा आवाज झाला आणि झाकण बाजूला पडलं. माझ्या उजव्या हाताचे केस जळाले आणि वहीचा कोपरा.

"बंद करा भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या, "आधी बाहेर जाऊन बंद करा."

बंद करून आलो. त्या तशाच उभ्या होत्या, हाताला ओली वाळू.

"त्यो आवाज न्हाई," त्या म्हणाल्या.

"वहिनी, गेज नवीन आहे. बरोबर दीड आहे."

"दीड आसंल. पर त्यो आवाज न्हाई."

मग त्या भिंतीशी बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. गेज तीन वर्षांपूर्वी मेलं होतं. आपण दोन किलोच्या मुशीसाठी बर्नरमागचं स्टोव्हचं निपल काढून वेल्डिंगचं मोठं, एक मिलिमीटरचं टोक बसवलं, त्याच आठवड्यात सिलिंडर बदलताना तू ते आपटलंस. त्या रविवारी मी आत आग लावून बसलो होतो आणि बाहेर काटा शून्यावर होता. तू मागच्या पानावरचा आकडा ओरडलास. वेळ मारून न्यायला.

"आन मंग पुढच्या रविवारी काय सांगणार?" वहिनी म्हणाल्या. "मी लई म्हनलं, सांगा त्यांला, नवं आनत्याल. तर म्हनले, नको. लई हौसेनं आनलंय त्यानं पुण्यास्नं. आन एक आकडा खोटा कळला तर मागचं समदंच तपासत बसंल. वही बंद पडली तर त्यो कशाला येतोय रविवारचा?"

"मग प्रेशर लावायचा कसं? बाहेरून तर आग दिसत नाही."

त्यांनी हाताची वाळू झटकली. मग म्हणाल्या, "मी चाळन आपटायची न्हाई का?"

मी आग लावायचो, तू चावी फिरवत राहायचास, आवाज चढत जायचा, आणि माझ्यापासून तीन हातांवर वहिनी चाळण दोनदा लाकडावर आपटायच्या. मग तू "दीड" म्हणायचास. दर रविवारी. मी समजत होतो, त्या चाळणीला चिकटलेली वाळू झटकतात. कान त्यांचा, चावी तुझ्या हातात, आणि वहीत मी.

घरी येऊन मी वही उघडली. पहिल्या एकतीस भट्ट्यांचे आकडे खरे आहेत. एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक चार, दीड, एक पूर्णांक तीन, असे वरखाली. बत्तिसाव्यापासून चौऱ्याण्णवपर्यंत, दीड. त्रेसष्ट वेळा दीड. एखाद्या म्हशीची फॅट महिनाभर सहा पूर्णांक पाचच येत राहिली, तर मी त्या घरी जाऊन गोठ्यात उभा राहतो. सत्तावीस वर्षांत चार जणांचं पाणी मी असंच पकडलंय. आणि भोक मोठं केलं की प्रेशर कमी लागणार, हे तर शाळेतल्या पोराचं गणित. मला ते दिसलं नाही. दिसलं नाही, कारण सांगणारा तू होतास.

तू मला फसवलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. मित्राला राखायला माणूस खोटं बोलतो, मीही बोललो असेन. पण मी त्या आकड्यांच्या नकला वाटल्या, रघू. सहा जणांना. आखलेल्या कागदावर, खाली माझी सही. बबनला दिली तेव्हा तू शेजारी चहा पीत होतास. त्यानं मला विचारलं, "भाऊ, पक्कं का?" मी म्हणालो, "रघूनं वाचलेलं आणि मी लिहिलेलं आहे." तू बशी तोंडाला लावलीस. त्या बशीआडून तू काय विचार करत होतास, हे मला विचारायचंय आणि तू नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी पहिला पेठला गेलो. बबन एका जीपच्या रेडिएटरला टाके देत होता. मी म्हणालो, "बबन, तो कागद दे. त्यातलं प्रेशर चुकलंय. आग उडून जाते, अपघात होईल."

तो उठला, हात पुसले आणि मला खुर्ची दिली. त्या खुर्चीवरूनच मला कळायला हवं होतं.

"ठाव हाय भाऊ," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"रघूभाऊ दुसऱ्याच दिवशी आले व्हते. म्हनले, दीड लावू नको, आर्ध्यापासनं चढव आन आवाज ऐक. माझ्यासमूर लावून दाखावलं. म्हनलं, मंग कागदावर खोडू का? तर म्हनले, खोडू नको. त्यो कदी आला आन बघितलं तर त्याला वाईट वाटंल."

"आणि तू तीन वर्षं बोलला नाहीस."

"आता काय बोलनार? तुमी सही केल्याली." मग म्हणाला, "त्या दिवशी घाटावर तुमी माइकवर बोलाय लागला, तवा मला वाटलं, उठून जावं."

सहाही ठिकाणी हेच झालं. सगळ्यांकडे तू माझ्यामागून जाऊन आला होतास. कुणी मला चहा दिला, कुणी माझी नजर चुकवली, नारायणगावचा पंपवाला तर हसून म्हणाला, "सायब, तुमचा कागद फ्रेम करून लावलाय, पर त्याच्यापरमानं चालत न्हाई आमी." सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवणारा या साऱ्या पंचक्रोशीत मी एकटाच होतो.

एक गोष्ट मानली पाहिजे. तू कुणाचा जीव धोक्यात घातला नाहीस. सहा गावं, सहा फेऱ्या, गुडघा दुखत असताना. मला सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते टाळायला तू सहा फेऱ्या घातल्यास.

पण कागद सहा नव्हते. सात होते.

सातवा मी तुझ्या दहाव्याला दिला, माइक ठेवल्यावर. घोडेगावच्या पलीकडे डोंगरात लक्ष्मण म्हणून एकजण आहे, त्याच्या पाण्याच्या मोटारीची नळी तू एकदा सांधून दिली होतीस. तो भाषण ऐकून माझ्याकडे आला. गुरांच्या घंटा ओतायच्या होत्या त्याला. "भात झोडून झालं की पेटवतो," म्हणाला. वही माझ्या पिशवीत होती. मी तिथेच, घाटाच्या पायरीवर बसून त्याला नक्कल काढून दिली. आणि या एकाच्या मागून जायला तू नव्हतास.

त्याच्या वाडीत फोन लागत नाही. सहावं ठिकाण उरकून मी सरळ तुझ्या घरी आलो आणि वहिनींना म्हणालो, मी उद्या सकाळच्या गाडीनं जातो.

"जाऊन काय करताल?" त्या म्हणाल्या. "दीड न्हाई एवढं सांगताल. मंग किती ते कोन सांगनार? आवाज कुटं ठाव हाय तुमाला."

मी आठवून बघितलं. चौऱ्याण्णव भट्ट्या मी त्या बर्नरशेजारी बसलो. मिनिटं आठवत होती, वजनं आठवत होती. आवाज आठवत नव्हता.

"मी येते," त्या म्हणाल्या. शेजारची चुलती दारातून म्हणाली, "आगं, मानूस जाऊन महिना न्हाई झाला, आन लोकांच्या गावाला जाती?" वहिनींनी पिशवीत नवं गेज टाकलं. "त्यांनीच ठिवल्यालं काम हाय आत्ती. निस्तराया जाते," म्हणाल्या.

घोडेगावला एसटी बदलून आम्ही उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. लक्ष्मणच्या खळ्यावर पेंढ्या रचलेल्या होत्या. पडवीत पिंप, बर्नर, सिलिंडर भिंतीबाहेर, सगळं कागदात होतं तसं. आणि माझा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाला खिळ्यानं ठोकलेला. लक्ष्मण बाहेर आला. त्याच्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं, आणि भुवया नव्हत्या.

मी विचारलं, "लावली होतीस?"

"परवा लावली. आग उडाली आन इझली, बघाया वाकलो तर भडाका झाला." तो ओशाळून हसला. "माझ्याच हातनं कायतरी चुकलं आसंल. कागद बरूबर हाय. तुमी दहाव्याला समद्यांसमूर बोलला व्हता, म्हंजी खरंच आसनार."

रघू, मी तुझ्यावर इतका कधी चिडलो नव्हतो. दवाखान्यात वही तुझ्या मांडीवर होती. बोट त्या रकान्यावर होतं. तिथे तू एकदा बोलला असतास तर या माणसाचं मनगट भाजलं नसतं. तू माझं अक्षर चांगलं आहे म्हणालास.

मी लक्ष्मणला सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही. माझा कागद चुकीचा आहे." त्याला पटेना. त्यानं तीनदा विचारलं, "मंग माइकवर?" तीनदा मी म्हणालो, "तेही चुकीचं."

लक्ष्मणच्या गेजवर भरवसा नको म्हणून ते काढून आमचं नवं बसवलं. या वेळी बाहेर मी उभा राहिलो, रेग्युलेटरपाशी, तुझ्या जागेवर. आत लक्ष्मणनं आग लावली. वहिनी पडवीच्या उंबऱ्यावर बसल्या. त्यांना चाळण नव्हती, लक्ष्मणच्या बायकोनं एक पितळी ताटली दिली. मी चावी फिरवत गेलो. आधी नुसती फरफर होती, मग जरा घोगरं, मग ते सगळं एक होऊन सलग घुमायला लागलं, लांबून घाट चढणाऱ्या गाडीसारखं. पहिल्यांदा ऐकला मी तो आवाज. म्हणजे ऐकला होता पाच वर्षं, पण पहिल्यांदा.

आतून ताटली दोनदा वाजली.

मी गेजवर नजर टाकली. शून्य पूर्णांक सहा. तिथून मी ओरडलो नाही. आत आलो, काटा स्वतः बघून आलेला माणूस म्हणून बोललो, "शून्य पूर्णांक सहा." वहिनी म्हणाल्या, "आसंल. ठिवा तसाच." लक्ष्मणची पहिली मूस चोवीस मिनिटांनी पाणी झाली. दोन मिनिटं जास्त, पिंप थंड होता म्हणून. ओतताना त्यानं डाव्या हातानं सांडशी धरली.

दुधाच्या रजिस्टरला आमचा एक नियम आहे. चुकलेला आकडा खरवडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. लक्ष्मणच्या कागदावर मी तसंच केलं. घरी येऊन वहीत त्रेसष्ट रेघा मारल्या, पट्टी लावून. सगळीकडे सही माझी. प्रत्येक पानावर "वाचन" असा एक रकाना आहे, तिथं तुझं नाव आहे. ते मी खोडलं नाही, कारण ते माझ्याच अक्षरात आहे. त्याच्याशेजारी जागा करून लिहिलं, "आवाज: सुमन." पाच वर्षांत त्यांचं नाव वहीत एकदाही आलेलं नव्हतं. हे तुझ्यावर ढकलता येत नाही, ते मला माहीत आहे.

राहिलेल्या चार घंटा आम्ही ओतल्या. चांगल्या वाजतात.

तुझ्याबद्दल चांगलं लिहायचं होतं. लिहिलंय असं वाटत नाही. तुझी आठवण येते आणि त्याच वेळी राग येतो, एकाला बाजूला ठेवून दुसरं करता येत नाही. ज्या माणसाला रविवारी आपल्या दारात मी यावं असं इतकं वाटत होतं, त्यानं मला ओळखलं मात्र वहीइतकंच. की मीच तेवढा होतो?

परवा रविवारी सकाळचं दूध गेल्यावर मी तुझ्या शेडवर गेलो. भट्टी लावायची नव्हती. वहिनींनी चहा ठेवला, माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "वही इसरली का?"

"नाही," मी म्हणालो, "आणली नाही."

दोन तास बसलो. लिहून ठेवावं असं काही झालं नाही, आणि मला उठावंसंही वाटलं नाही. एकदा मला वहीशिवाय बोलावून बघायचं होतंस, रघू.